सात घरांची सरासरी

३ मे

पेटी आली. निळी, प्लॅस्टिकची, झाकणावर शिक्षण खात्याचा शिक्का. पेटीमागून नेई बिरीता, म्हणजे बिरीताबाई, नवी शिक्षिका उतरली, राजधानीत तारावाला तीन आठवडे प्रशिक्षण घेऊन. पेटीत काय, तर डिंक, रंगीत कागद, बोथट कात्र्या आणि सुतळीचे गुंडे. पस्तीस वर्षं मी खडूनं मुलं शिकवली, त्यातली दोन आज सरकारात बसली आहेत, आणि आता निवृत्तीला सात महिने उरले असताना मला सुतळी!

"गुरुजी, आता मुलं हातानं करून शिकणार," ती म्हणाली.

"या बेटावरची मुलं सगळं हातानंच करतात," मी म्हटलं. "मासे हातानं धरतात, नारळ हातानं सोलतात, नाकसुद्धा हातानंच पुसतात. शाळेत ती डोक्यानं काहीतरी करायला येतात."

ती हसली. तिला हसायला फार सोपं जातं. राजधानीची पोरगी, बसमध्ये बसून शाळेत गेलेली.

प्रत्येक वर्गानं रोज एक प्रकल्प-नोंदवही भरायची आहे. मी आजच भरून टाकली: 'मुलांनी उत्साह दाखवला.' पुढच्या दोन महिन्यांची पानंही भरून ठेवणार होतो, पण शाई संपली. खरं काय ते इथं लिहीन. ही वही कोणी तपासत नाही.

७ मे

प्रकल्प वाटले. चौथीनं छप्पर शाकारायचं, पाचवीनं बाबाईचे, म्हणजे दलदलीतल्या अळूचे, कंद लावायचे. माझ्या सहावीनं होडी करायची. एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरले की भरते तेवढ्या लांबीची, शिडाची, आणि कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या दांड्यांवर तरंगता ओंडका, म्हणजे उलांडी, बांधलेली. आणि ती बारा जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, सगळ्या गावादेखत धक्क्यापासून खाजणातल्या खांबापर्यंत एकटी गेली पाहिजे. आत माणूस नाही, दोरी नाही.

"आणि नाही गेली तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा करू."

"असं नाही. नाही गेली तर ही पेटी पुढच्या बोटीनं परत. डिसेंबरपर्यंत माझ्या वर्गात फळा आणि मी."

"आणि गेली तर?"

"तर मी स्वतः तुमची कात्री हातात धरीन."

मुख्याध्यापक समोरच होते. त्यांना नेहमी दोन्ही बाजू पटतात. त्यांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. मी आनंदानं घरी आलो. भात आणि डब्यातला मासा, तरी दोनदा घेतला.

१२ मे

बिरीतानं मुलांना सांगितलं, "घरी जाऊन मोठ्यांना मापं विचारून या. उलांडी होडीपासून किती लांब ठेवायची, आणि होडीचं पोट उलांडीच्या बाजूला किती फुगवायचं."

मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं, इतकं हसू आलं.

आमच्या बेटावर होडी बांधणारी आठ घरं. प्रत्येकाचं माप निराळं आणि प्रत्येकाचं लपवलेलं. होडी दोन्ही बाजूंनी सारखी केली तर उलांडी पाण्यात ओढत राहते आणि होडी तिच्याभोवती गोल फिरते. म्हणून एक बाजू फुगीर, दुसरी चापट. पण किती फुगीर, हे बाप मुलाला सांगतो आणि तेही सगळ्या मुलांना नाही. तसं आमच्याकडे नातलगानं तोंड उघडून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. सायकल मागितली, सायकल द्यायची. अंगावरचा शर्ट मागितला, शर्ट. पण होडीचं माप परक्यानं विचारलं तर नाही न म्हणता चुकीचं सांगायचं, आणि वर शहाळं पाजून पाठवायचं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. प्रशिक्षणात ते शिकवत नसावेत.

१५ मे

सात घरांची मापं फळ्यावर. उलांडीचं अंतर दीड वितीपासून सहा वितींपर्यंत. पोटाचा फुगवटा कुणाचा दोन बोटं, कुणाचा मूठभर, कुणाचा अजिबात नाही. वावभर होडीला सहा विती! ज्यानं सांगितलं तो माणूस रात्रभर उशीत तोंड खुपसून हसला असणार.

बिरीता फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, सरासरी काढू या का? गणितही होईल."

मी खडू उचलला आणि सात थापांची सरासरी काढून दिली. दशांशात दोन घरांपर्यंत. आयुष्यात इतक्या सुवाच्य अक्षरात मी काही लिहिलं नव्हतं.

आठव्या घराचं माप आलं नाही. आठवं घर आमचं. म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, काबूताचं. त्याची नात राकेरा माझ्याच वर्गात आहे. अकरा वर्षांची, गुणाकारात ढ, सदा खिडकीबाहेर नजर.

"तुझं माप कुठाय?"

"आजोबा म्हणाले, ज्याला पाहिजे त्यानं यावं."

"उर्मटपणा घरी. खाली बस."

ती बसली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली, मग बसली. मंद पोरं असंच करतात.

२१ मे

काबूतानं राकेराबरोबर ताडीच्या पाकाची बाटली पाठवली. गेल्या महिन्यात खारवलेला मासा. मला कळत नाही का? त्याला मिरवायचं असतं, माझ्या घरी सगळं आहे आणि दादाकडे डबे.

लिहूनच टाकतो. बाबांनी मला सहाव्या वर्षी तारावाच्या शाळेत घातलं. सुट्टीत यायचो तेव्हा होडीच्या शेडमध्ये काबूता तासत असायचा आणि मी इंग्रजी वाचून दाखवायचो. शेडच्या आढ्याला गाठींची दोरी होती. माप तिच्यात. बाबा गेले तेव्हा दोरी काबूताकडे राहिली. मला पुस्तकं, त्याला दोरी. थोरला मी. माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

मी मागितली असती तर काबूताला द्यावीच लागली असती. म्हणून तर मागितली नाही. हक्काची वस्तू मागायची?

पाक चांगला होता. भाताबरोबर संपवला.

४ जून

नीरफणसाच्या ओंडक्यातून होडी कोरून झाली. सरासरीप्रमाणे. मुलांचे हात सोलवटले, एकाच्या अंगठ्यावर तासणी बसली. बिरीता त्याला 'शाब्बास' म्हणाली. रक्त काढून घेऊन शाब्बास! माझ्या वर्गात आजवर कोणाला खडूनं जखम झाली नाही.

आज पहिली चाचणी. शीड चढवलं, पाण्यात सोडली. होडीनं उलांडीभोवती एक सुंदर गोल काढला, मग दुसरा, मग आडवी झाली. धक्क्यावरची माणसं जांघेवर थापा मारून हसत होती, त्यात सहा वितीवालाही होता.

"काय मास्तर, होडी शिकवताय की नाच?"

मुलं रडकुंडीला आली. मी नोंदवहीत लिहिलं: 'मुलांना वर्तुळाची संकल्पना स्पष्ट झाली.'

बिरीता मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून मुलांना विचारत होती, "का फिरली असेल?"

मी तिला बाजूला घेतलं. "अहो बाई, फिरली कारण सगळ्यांनी खोटी मापं दिली. तुम्हाला कळलंच नाही."

"कळलं होतं," ती म्हणाली. "माझ्या मामांकडेही होडीच बांधतात. खोटं माप मीही सांगितलंय लोकांना."

"मग सरासरी कशाला काढायला लावलीत?"

"फिरली नसती तर मुलांनी विचारलं असतं का, का फिरली म्हणून?"

बनेल बाई आहे. हिच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे.

११ जून

आठ दिवसांत अकरा चाचण्या. मुलं उलांडी दोन बोटं आत घेतात, होडी फिरते. तीन बोटं बाहेर, होडी उलटते. शाळा सुटली तरी जात नाहीत. मी झाडाखाली हजेरीपट घेऊन बसतो, कारण सगळी पोरं बुडाली तर जबाब मलाच द्यावा लागेल.

आज न राहवून ओरडलो, "अरे गाढवांनो, उलांडी काय हलवताय! पोट बघा पोट! चापट बाजू चापट कुठं आहे?"

सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी हजेरीपट उघडला.

१५ जून

मुलं तासणीचं वाटोळं करत होती. आडव्या नसेवर मारत होती. शाळेची एकच तासणी आहे आणि तिची जबाबदारी माझी. म्हणून घेतली हातातून आणि दाखवली कशी धरायची. दाखवता दाखवता चापट बाजूवरून थोडं निघालं. फार नाही. दुपारची घंटा झाली ते कळलं नाही, बस्स.

राकेरा शेजारी उकिडवी बसली होती. म्हणाली, "तुम्हाला येतं?"

"मला सगळं येतं. तुला साताचा पाढा येतो का?"

तिला येत नव्हता.

१६ जून

आज कहर झाला.

मुलांनी मला न विचारता होडी डोक्यावर घेतली आणि काबूताच्या शेडमध्ये नेली. काबूताला आता जवळजवळ दिसत नाही. त्यानं म्हणे मांडीवर घेतली आणि नुसती बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माप सांगितलं नाही, कोणाला विचारलं नाही. राकेराकडे निरोप दिला, तो तिनं सबंध वर्गासमोर मला सांगितला:

"आजोबा म्हणाले, ज्यानं तासलंय त्याला सांग, डाव्या हाताचा जोर जास्त पडतोय. लहानपणापासून पडतो. एका केसाएवढं जास्त गेलंय, तेवढं समोरच्या बाजूनं काढ."

वर्ग हसला. साठीला आलेल्या माणसाला भरवर्गात डाव्या हातावरून बोलायचं! त्याला माहीत होतं मीच तासलंय. मुद्दाम केलं.

मी लहानपणी शेडमध्ये कधी तासणी धरली होती का? आठवत नाही. धरली असेल. बाबांनी हात धरून शिकवल्याचं काही मला आठवत नाही.

१७ जून

समोरून काढलं. एक केस. मुलं घरी गेल्यावर.

२३ जून

होडी आज जेमतेम वीस हात सरळ गेली, मग वळली. मुलांनी आरडाओरडा करून आकाश डोक्यावर घेतलं. वीस हात! खांब दोनशे हातांवर आहे. इतक्यावर नाचणारी पिढी पुढं काय दिवे लावणार?

राकेरा शाळा सुटल्यावर टेबलाशी घुटमळत होती. सुतळीला गाठी मारायची, सोडायची, पुन्हा मारायची, आणि मधूनच माझ्याकडे बघायची.

"काय पाहिजे?"

"काही नाही. आजोबा विचारत होते, तुम्ही आमच्या घरी का येत नाही?"

"मला कामं असतात."

"ते म्हणाले, विमानाच्या आधी या म्हणावं."

"कसलं विमान?"

काबूताचा मुलगा त्याला तारावाला नेणार आहे. डोळ्यांसाठी, आणि मग तिकडेच ठेवून घेणार. सोळा जुलैच्या विमानानं. शेडही मोडणार आहेत, वासे दुसऱ्या घराला लागतील. मला हे अकरा वर्षांच्या पोरीकडून कळावं! थोरल्या भावाला सांगायची पद्धत असते.

दोरीही जाणार, अर्थात. माझा काय संबंध?

३० जून

झोप येत नाही. त्या पोरीनं टेबलावर विसरलेली सुतळी खिशात आली. तिच्यात तीन गाठी आहेत. दोन गाठींमधलं अंतर होडीच्या चापट बाजूला लावून बघितलं, उगाच. बसलं. तिसरी गाठ कशाला ते कळेना. गुणाकार येत नाही, पण गाठ अशी मारते की सोडवता सोडवत नाही.

अशा वस्तू शाळेत पडू देऊ नयेत. उद्या तिला परत देईन.

५ जुलै

दिली नाही.

होडी साठ हात गेली.

१२ जुलै

सकाळी झेंडा, मग भाषणं, मग पुन्हा भाषणं. सगळा गाव धक्क्यावर. म्हातारी मंडळी माने­आबाच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, छपराखाली चटयांवर बसली होती, त्यात काबूता. त्याला कडेला बसवलं होतं, वारा लागेल असं.

मी बिरीताला म्हटलं, "पेटी बांधून ठेवली आहे ना?"

"तुमच्यासाठी कात्री वर ठेवली आहे," ती म्हणाली.

मुलांनी होडी पाण्यात ठेवली. राकेरानं शीड सोडलं. होडीनं एकदा मान डुलवली आणि निघाली. वीस हात, साठ, शंभर. मी मनातल्या मनात म्हणत होतो, वळ आता. वळ. आणि कुठंतरी त्याच वेळी माझा डावा हात आपोआप उजवीकडे सरकत होता, तिला सरळ धरायला. माझाच हात, काय करू.

ती खांबाला धडकली. नाळ, पुढचं टोक, खांबावर टेकून शीड फडफडत उभी राहिली.

मुलं कपड्यांसकट पाण्यात. सहा वितीवाला म्हातारा माझ्याजवळ आला, हसत नव्हता. "मास्तर, चाल ओळखली मी. ही तुझ्या बापाची होडी. तू थोरला ना? तुझ्याकडे होतं तर माप. इतकी वर्षं कळूही दिलं नाहीस, पक्का आहेस."

आता मी खरं सांगायला हवं होतं. की माझ्याकडे काहीच नव्हतं. की हे एका आंधळ्यानं बोटांनी केलं, एका पोरीनं सुतळीनं आणि एकोणीस मुलांनी चाळीस वेळा बुडवून. मी तोंड उघडलं. तेवढ्यात छपराखालून काबूताचा आवाज आला.

"होय. दादाचंच माप आहे."

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी काबूताकडे बघितलं. त्याचं तोंड पाण्याकडे होतं, जणू दिसतंय.

राग आला. मग ज्याचा राग येतोय तो कोण, हे कळलं, आणि जेवण न घेता घरी आलो.

नोंदवही भरली नाही.

१५ जुलै

पैज हरलो, म्हणून सकाळी वर्गात कात्री धरली. बोथट आहे. कागद कापला, वाकडा गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कशावरही टाळ्या वाजवायची सवय लागली आहे.

शाळा सुटल्यावर दुकानातून तंबाखूची वडी घेतली आणि काबूताच्या शेडमध्ये गेलो. अर्धे वासे काढून झाले होते. तो ओंडक्यावर बसला होता. मी वडी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती चाचपली, वास घेतला आणि बाजूला ठेवली. मग मी म्हटलं. एवढं साधं वाक्य, पण मला ते पाठ करून जावं लागलं होतं.

"मला शिकव."

"बाबा अखेरपर्यंत म्हणायचे," काबूता म्हणाला, "तो विचारील. थोरला आहे, विचारल्याशिवाय त्याला शिकवणं बरं दिसत नाही. इतका शिकलेला. तोपर्यंत तू धरून ठेव."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू बसायचास कुठं, सांगायला?"

आढ्याची दोरी राकेरानं चढून काढली. काळी पडलेली, काथ्याची, नऊ गाठींची. काबूतानं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं चाचपत राहिला. त्याला गाठ दिसत नाही, मला कळत नाही. अशी आमची शाळा. तिन्हीसांजेपर्यंत तीन गाठी झाल्या. तिसरी कशाला ते आज कळलं.

सहा राहिल्या. विमान उद्या साडेनऊला.

निघताना त्यानं माझा हात धरला. "दादा, आता मी मागतो. पोरीला तारावाला नेत नाही. तिचं सहावीचं वर्ष इथं पुरं होऊ दे. तुझ्याकडे ठेव."

नातलगानं मागितलं की नाही म्हणता येत नाही. त्याला हे माहीत होतं.

१६ जुलै

विमान वेळेवर गेलं. काबूतानं खिडकीतून हात हलवला, चुकीच्या बाजूला.

संध्याकाळी राकेरा माझ्या ओसरीत चटई टाकून बसली. शेजारी तिची पिशवी, दप्तर आणि दोरी. मी म्हटलं आधी साताचा पाढा. ती म्हणाली आधी चौथी गाठ. वाद नको म्हणून दोरी घेतली.

मी धरली. तिनं माझ्या बोटांतून काढून घेतली, सैल केली आणि परत दिली.

"आजोबा, तसं नाही. पुन्हा."

पुन्हा धरली. चुकली. तिनं मला ढ म्हटलं नाही. नुसतं बघितलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे, पस्तीस वर्षं मी वर्गात तशीच बघत आलो आहे. मी दोरी सोडली आणि पुन्हा धरली.